घरच्या बायकांसाठी पत्र

प्रज्ञाताई मेश्राम पहिल्यांदा आमच्या घरी आल्या तेव्हा चहा घ्यायच्या आधी त्यांनी खुर्ची मागितली. बसायला नाही, चढायला. पायातले मोजे काढले, खुर्चीवर चढल्या आणि छताला लावलेल्या धुराच्या अलार्मचं बटण दाबून धरलं. काहीच वाजलं नाही. खाली उतरून मला म्हणाल्या, "सुजाता, हा बंद आहे. कधीपासून?" मला काय माहीत कधीपासून. मी नवऱ्याच्या मागून नेदरलँड्समध्ये, झूटरमेरला येऊन जेमतेम दोन महिने झाले होते. छताला ती पांढरी डबी कसली लावलीय हेही मी कुणाला विचारलं नव्हतं. असा राग आला म्हणून सांगू. पाहुणी म्हणून बोलावलं, कांदेपोहे केले, आणि ही बाई माझ्याच घरात मला नापास करून मोकळी. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी त्या बॅटरी घेऊन हजर झाल्या. स्वतः बसवली, बटण दाबलं, आणि अलार्म कान फुटेस्तोवर वाजला तेव्हा कुठे त्यांच्या चेहऱ्यावर हसू दिसलं.

मूळच्या त्या नागपूरच्या. द हेगला एका विमा कंपनीत सॉफ्टवेअर तपासायचं काम करायच्या. दुसऱ्यांनी खपून केलेलं काम हाती घ्यायचं आणि ते कुठे मोडतं ते शोधून काढायचं, याचा पगार मिळतो हे मला तोवर ठाऊक नव्हतं. तो पगार अगदी योग्य माणसाला मिळत होता, एवढं मात्र मी लगेच ओळखलं. एखादी गोष्ट झाली असं कुणी सांगितलं की ताईंचा पुढचा प्रश्न ठरलेला असे, "तू स्वतः बघितलं का?" नाही म्हटलं की, "मग झाली कशी?"

चौदा एप्रिलच्या जयंतीला इथली आमची मंडळी एक हॉल घेतात. एकमेकांना जयभीम करत सगळे सावकाश जमतात, पण ताई दोन तास आधी पोचलेल्या असायच्या. अंगावर पांढरी साडी, पायात बूट. माइक, प्रोजेक्टर, चहाची किटली, बाथरूमची कडी, सगळं वाजवून बघायच्या. एका वर्षी युट्रेख्टहून एक प्राध्यापक भाषणाला आले होते. भाषण पेनड्राइव्हवर आहे, चिंता नको, असं म्हणाले. ताईंनी त्यांना तिथल्या तिथे फाइल उघडायला लावली. पडद्यावर मराठी अक्षरांच्या जागी नुसते चौकोन. प्राध्यापक आधी चिडले, मग घामाघूम झाले, मग ताईंच्या शेजारी बसून अर्ध्या तासात त्यांनी सगळं दुरुस्त करून घेतलं. आमच्यातल्या निम्म्या बायका ताईंना घाबरायच्या आणि उरलेल्या निम्म्या त्यांच्याकडे नगरपालिकेची डच पत्रं वाचून घ्यायला जायच्या. मी दोन्हीकडे होते.

पुढे मी पोळीभाजीचे डबे द्यायला लागले, तेव्हा पहिलं गिऱ्हाईक त्याच. पहिला डबा परत आला तो आत एक कागद घेऊन. सात चुका, क्रमांक घालून. आमटीचं झाकण सैल, पोळ्यांचा कागद ओला होतो, भातात एक खडा. सगळ्यात खाली लिहिलं होतं, "चव चांगली आहे." मी तो कागद चुरगाळून फेकला आणि पाच मिनिटांनी उचलून सरळ केला. अजून आहे माझ्याकडे.

त्यांचं पोट फुगायला लागलं ते पन्नाशीला. इथं सगळ्यात आधी हाउसआर्ट्सकडे जावं लागतं. हाउसआर्ट्स म्हणजे आपला घरचा डॉक्टर, त्याच्या चिठ्ठीशिवाय हॉस्पिटलची पायरी चढता येत नाही. त्यानं पाणी भरपूर प्या, चोथ्याचं खा, दुखलं तर पॅरासिटामॉल घ्या असं सांगितलं. दुसरी एखादी गप्प बसली असती. ताईंनी दर रविवारी सकाळी सलवार घातली की नाडीच्या गाठीच्या जागी बॉलपेननं खूण करायला सुरुवात केली. सहा आठवड्यांनी ती नाडी सलवारीतून ओढून काढली, गुंडाळून पर्समध्ये घातली आणि डॉक्टरच्या टेबलावर उलगडली. सहा खुणा, एकीच्या पुढे एक. मी सोबत होते. डॉक्टरनं नाडी दोन्ही हातांनी ताणून धरली, बराच वेळ बघितली आणि त्याच दिवशी सोनोग्राफीची चिठ्ठी दिली.

अंडाशयाचा कॅन्सर निघाला, पोटात पसरलेला. मोठं ऑपरेशन झालं, मग केमो. केस गेले, बोटांची टोकं बधिर झाली. रोज सकाळी ताई ताटलीत पाच मूग टाकून एकेक उचलून बघायच्या आणि किती उचलता आले ते लिहून ठेवायच्या. एकदा मी बसले असताना एकही उचलला गेला नाही. त्यांनी शून्य लिहिलं, तारीख घातली आणि मला म्हणाल्या, चहा तूच कर. मी आत जाऊन गॅसपाशी रडून घेतलं.

भेटायला येणाऱ्यांनी तर वात आणला होता. गव्हांकुराचा रस, कारल्याची पावडर, कुणाची मावसबहीण अशीच बरी झाली त्याची गोष्ट, आणि निघताना सगळ्यांचं एकच, "पॉझिटिव्ह राहा." मिलिंद भाऊजी, म्हणजे ताईंचे यजमान, स्वभावानं गरीब. ते सगळ्यांचं ऐकून घ्यायचे, सगळ्या पुड्या कपाटात रचून ठेवायचे. ताई मात्र एकदा चारचौघांत म्हणाल्या, "पॉझिटिव्ह माझा रिपोर्ट आला आहे. मी कशाला अजून राहू?" त्यानंतर गर्दी जरा ओसरली.

त्यांना आवडायच्या त्या शेजारच्या एल्सबाई. सत्तरीच्या, उंच, सरळसोट. ऑपरेशननंतर पहिल्यांदा आल्या त्या दारातच उभं राहून विचारत्या झाल्या, "तू यातून मरणार आहेस का?" माझ्या हातातून डबाच पडायचा बाकी होता. ताई शांतपणे म्हणाल्या, "बहुतेक हो. पण लगेच नाही." एल्सबाईंनी मान हलवली, मग हिवाळ्यात टोपी लागेल म्हणाल्या, ताईंचं डोकं दोऱ्यानं मोजलं आणि गेल्या. आठवड्यानं निळी लोकरीची टोपी आली. ताई म्हणाल्या, महिनाभरात ही एकच बाई माझ्याशी नीट बोलली. मला ते लागलं. पण खोटं नव्हतं.

केमो संपत आली तेव्हा हॉस्पिटलनं त्यांचं रक्त तपासायला घेतलं. काही आठवड्यांनी निकाल आला. जन्मतःच एका जीनमध्ये दोष, आईकडून आलेला. ताईंची आई बावन्नाव्या वर्षी पोट फुगून गेली होती. घरात त्याला पोटाचा आजार म्हणायचे, पुढं कुणी कधी विचारलं नाही. आता कळलं की तो दोष ताईंच्या धाकट्या बहिणीत, छायात, असू शकतो. थोरल्या भावात, म्हणजे दादांत, असू शकतो, आणि भावाकडून त्याच्या मुलीत. ताईंची मुलगी ओवी एकोणीस वर्षांची, ग्रोनिंगनला शिकायला. तिला त्यांनी पुढच्याच शनिवारी समोर बसवून सगळं सांगितलं. ओवीनं ऐकलं, आईला घट्ट धरलं आणि इंग्रजीत म्हणाली की तपासणी करायची की नाही ते मी माझ्या वेळेला ठरवीन. ताई बरं म्हणाल्या.

प्रश्न नागपूरचा होता. इथली पद्धत अशी की डॉक्टर तुमच्या नातेवाइकांना स्वतः काही कळवत नाहीत. ते एक पत्र तुमच्या हातात देतात, घरच्यांसाठी. ते पोचवायचं काम तुमचं. पत्र डचमध्ये आणि इंग्रजीत होतं. ताई म्हणाल्या, छाया हे वाचून घाबरेल आणि ठेवून देईल, आपण मराठीत लिहू. माझं अक्षर बरं आहे. रविवारी दुपारी आम्ही दोघी त्यांच्या जेवणाच्या टेबलाशी बसलो. त्या सांगत होत्या, मी लिहीत होते.

तीन तास लागले. कारण मी प्रत्येक शब्दाला अडत होते. मी छाती लिहिलं, त्यांनी स्तन लिहायला लावलं. मी बायकांचे अवयव असं काहीतरी गुळमुळीत लिहिलं, त्यांनी ते खोडलं. सगळ्यात जास्त वेळ गेला तो पिशवीवर. आपल्याकडे पिशवी काढली म्हटलं की सगळं आलं. ताईंच्या आईचीही पिशवी चाळिशीत काढली होती आणि घरादारानं सुटकेचा श्वास सोडला होता की आता बाईला काही होत नाही. पण पिशवी वेगळी आणि अंडाशय वेगळे. आईचे अंडाशय आत तसेच राहिले होते. छायाचीही पिशवी छत्तिसाव्या वर्षी काढलेली. ताईंनी मला एक वाक्य चार वेळा लिहायला लावलं, तेव्हा कुठे त्यांना ते पटलं. "पिशवी काढली असली तरी अंडाशय आत असू शकतात. आपल्या घरात धोका तिथे आहे. पोट फुगण्याची वाट पाहू नका, रक्त आधी तपासून घ्या." त्याखाली त्यांनी बधिर बोटांत पेन धरून स्वतः दोन रेघा मारल्या. वेड्यावाकड्या आल्या. म्हणाल्या, या छायासाठी.

मग पत्र कुणाच्या नावानं पाठवायचं ते ठरवायचं होतं. आणि इथं मी बोलले. मी म्हणाले, दादांच्या नावानं पाठवा. घरातल्या मोठ्या माणसानं सगळ्यांना बसवून सांगितलं की त्याला वजन येतं, बायका ऐकतात. शिवाय त्यांना डावलून परस्पर बहिणीला कळवलं तर त्यांना काय वाटेल? ताई क्षणभरही विचार न करता हो म्हणाल्या. दादांनी बारावीनंतर शिक्षण सोडून नोकरी धरली होती आणि दोघी बहिणींना शिकवलं होतं. ताईंच्या इंजिनिअरिंगच्या चार वर्षांत दादांनी एक नवा शर्ट शिवला नव्हता, हे त्या नेहमी सांगायच्या. दादांना ओलांडून त्या घरात पान हलत नव्हतं आणि ते कुणाला जाचतही नव्हतं. ओवी सोफ्यावर बसून पावावर चॉकलेटचा चुरा घालून खात होती. आमचं सगळं तिला कळत होतं. तिनं डचमध्ये विचारलं, "पण मावशीकडे फोन आहे ना?" आम्ही दोघी हसलो. ताई म्हणाल्या, तुला नाही कळायचं ते.

जानेवारीत पत्र गेलं. आठवड्यानं दादांचा फोन आला, मिळालं म्हणून. आणखी पंधरा दिवसांनी ताईंनी विचारलं, दादा, सगळ्यांना सांगितलं ना? दादा म्हणाले, हो ग, झालं सगळं, तू तुझ्या तब्येतीकडे बघ.

छायाचा फोन दर शनिवारी यायचा. ती पत्राविषयी काही बोलायची नाही. ताई म्हणायच्या, घाबरली असेल, तपासणी करून राहिली असेल, निकाल आला की सांगेल, मी कशाला टोचू. आणि तिकडे दादांनी घरात ताकीद देऊन ठेवली होती की ताईला त्रास होईल असं काहीही तिच्याशी बोलायचं नाही. म्हणून छाया फक्त गोडगोड बोलायची. कुणाचं बारसं झालं, कुणी नवी गाडी घेतली, दादांच्या ऋतुजाला चांगलं स्थळ आलंय. दोघी बहिणी एकमेकींना जपत होत्या. आठ महिने जपत होत्या.

सप्टेंबरातला तो शनिवार मी विसरणार नाही. ताईंच्या त्या वेळी नुसत्या गोळ्या चालू होत्या, केस बोटभर आले होते. मी त्यांच्या स्वयंपाकघरात मटार सोलत होते. फोन टेबलावर, पडद्यावर छाया. ऋतुजाचं लग्न डिसेंबरात ठरलं होतं आणि छाया लग्नासाठी शिवलेला ड्रेस कॅमेऱ्यासमोर धरून दाखवत होती. हसत हसत म्हणाली, दोनदा शिवण उसवून घ्यावी लागली, पोटच सुटलंय माझं.

ताईंनी चहाचा कप खाली ठेवला. किती दिवसांपासून, म्हणून विचारलं. छाया म्हणाली, झाले तीनेक महिने, गॅस आहे, डॉक्टरांनी गोळ्या दिल्यात, तू नको काळजी करून राहू, माझी पिशवी तर काढलेलीच आहे, मला काय होणार.

"छाया, दादानं तुला पत्र वाचून दाखवलं ना?"

"कसलं पत्र?"

मी शेंग हातात धरून तशीच उभी राहिले. ताईंचा आवाज जराही हलला नाही. उद्या कुठल्या डॉक्टरकडे जायचं, कोणती सोनोग्राफी, कोणती रक्ताची तपासणी, हे त्यांनी छायाला वहीत लिहून घ्यायला लावलं आणि फोन बंद केला. मग तो टेबलावर उपडा ठेवला. माझ्याकडे बघून म्हणाल्या, "मी विचारलंच नाही ग तिला." मी म्हणाले, ताई, सल्ला माझा होता. त्या म्हणाल्या, "बहीण माझी होती." मटार मी सगळे सोलले आणि ते कुणी खाल्ले नाहीत.

छायाला तेच निघालं. ताईंपेक्षा जास्त पसरलेलं.

दादा फोनवर रडले. पत्र कपाटात, ऋतुजाच्या साड्यांखाली ठेवलं होतं. तिची बोलणी चालली होती, रक्तात दोष म्हणून चार लोकांत कळलं असतं तर पोरीकडे कुणी बघितलं नसतं. छायाला सांगितलं असतं तर गोष्ट घरात राहिली नसती. लग्न होऊन जाऊ दे, मग सांगू, असं त्यांनी ठरवलं होतं. मला आधी वाटलं, दादा समोर असते तर मी त्यांना काय वाटेल ते बोलले असते. पण तो माणूस असा रडत होता की मला माझाच राग आला. पुढं डॉक्टरनी ताईंना समजावलं की जानेवारीत तपासलं असतं तरी कदाचित कॅन्सर तेव्हाही असताच, नक्की सांगता येत नाही. ताई म्हणाल्या, बरोबर आहे, नक्की सांगता येत नाही.

आता ऋतुजा राहिली. चोवीस वर्षांची मुलगी, लग्न दोन महिन्यांवर. दादांनी हात जोडून सांगितलं की तिला एवढ्यात नको. ताईंनी त्यांचं सगळं बोलणं ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, दादा, या वेळी मी तुझं ऐकणार नाही. आयुष्यात पहिल्यांदा त्या दादांना असं बोलल्या असतील. फोन ठेवला. पाणी पिऊन त्यांनी लगेच ऋतुजाला फोन लावला. मला जवळ बसवून घेतलं, कारण बोलता बोलता दम लागायचा आणि मग वाचायचं काम माझ्याकडे यायचं. पत्राची आमच्याकडची प्रत आम्ही पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचली. स्तन, अंडाशय, काहीही न गाळता.

ऋतुजानं एवढंच विचारलं, "आत्या, लग्न मोडेल का?"

"मोडेल कदाचित," ताई म्हणाल्या. "मी तुला खोटं नाही सांगणार. तू एकदा छायाआत्याजवळ जाऊन बस. मग काय करायचं ते तुझं तू ठरव."

पोरगी गेली. छायाच्या दुसऱ्या केमोला तीच हॉस्पिटलात बसली होती. मग तिनं होणाऱ्या नवऱ्याला स्वतः सांगितलं. पंधरा दिवसांनी त्यांच्याकडून निरोप आला की पत्रिका छापू नका. म्हणजे दादांची भीती काही खोटी नव्हती, हेही लिहिलं पाहिजे. ऋतुजानं तपासणी करून घेतली. निकाल काय आला ते ती कुणाला सांगत नाही. मी एकदा विचारायला गेले तर ताईंनी माझ्याकडे अशी नजर टाकली की मी पुन्हा तोंड उघडलं नाही.

नोव्हेंबरात ताईंचा आजार उलटला, पुन्हा केमो, पुन्हा केस गेले. पोटात पाणी भरायला लागलं, नळीनं काढायचे, पुन्हा भरायचं. नव्या वर्षात डॉक्टरांनी औषधं थांबवली. इथं माणूस शेवटी घरीच राहतो. खालच्या खोलीत मोठ्या खिडकीशी हॉस्पिटलचा पलंग आला, नर्स घरी यायला लागली. हाउसआर्ट्स, तोच नाडीवाला, खुर्ची ओढून पलंगाशी बसला आणि त्यानं सरळ विचारलं की तुम्हाला शेवट कसा हवाय, मरणाचा दिवस तुम्ही ठरवलात तर इथल्या कायद्यानं आम्ही मदत करू शकतो. आपल्याकडे कुणी असं विचारलं असतं तर घर अंगावर धावून आलं असतं. भाऊजी उठून बाहेर गेले. ताई म्हणाल्या, दुखू नये एवढंच करा, दिवस मी ठरवणार नाही, माझी बहीण अजून माझ्याशी धड बोललेली नाही.

ते खरं होतं. छाया फोन करायची, पण दर शनिवारी नाही, आणि केला तरी औषधांचं तेवढं बोलायची. केमो कितवी, रक्त किती, उलट्या किती. ताई एकेक लिहून घ्यायच्या, पुढं लिहवेना तेव्हा मी लिहायचे. फोन संपला की ताई विचारायच्या, आज काही म्हणाली का ती? मी म्हणायचे, नाही.

मी त्यांना शेवटचं पाहिलं ते एका गुरुवारी दुपारी. त्यानंतर तीन दिवसांनी त्या गेल्या, मी तेव्हा नव्हते. ओवी आणि भाऊजी होते.

त्या गुरुवारी मी पातळ खिचडी नेली होती. दोन चमचे गेली. पडदे उघडेच होते, या देशात कुणी पडदे लावत नाही. रस्त्यावरून सायकलवरून जाणारी माणसं आत बघत होती आणि पुढं जात होती. ताईंचे हातपाय काडीसारखे झाले होते आणि पोट तेवढं वर आलेलं. छायाचा फोन आला. मी फोन पलंगाच्या टेबलावर पाण्याच्या जगला टेकवून ठेवला. तिकडे नागपूरला संध्याकाळ झाली होती. छायानं डोक्यावरची ओढणी काढून बाजूला ठेवली, तिच्याही डोक्यावर केस नव्हते. या दोघी बहिणी कधी एकमेकींसारख्या दिसायच्या नाहीत, ताई आईवर आणि छाया वडिलांवर गेलेली. त्या दिवशी दोघी सारख्या दिसत होत्या.

छायानं औषधांचं काही सांगितलं नाही. मग म्हणाली, "ताई, तू मला सरळ का नाही सांगितलंस? दादाला कशाला मधे घातलं?"

मी पुढं झाले. ती माझी सूचना होती, हे मला सांगायचं होतं, इतके दिवस सांगायचं होतं. ताईंनी पांघरुणावरचा हात थोडासा उचलला आणि मला थांबवलं.

"दादाला ओलांडायचं नव्हतं मला," त्या म्हणाल्या. मधे मधे थांबत, श्वास घेत. "आणि तुझं रडणं ऐकायची भीती वाटली. दोन्ही खरं आहे. चुकलं माझं, छाया."

आपल्याकडे अशा वेळी समोरचा माणूस लगेच म्हणतो, असं नको बोलूस, तुझी काय चूक त्यात. मरणाऱ्या माणसाला तर म्हणतातच. मीही तेच म्हटलं असतं. मी छायाच्या तोंडाकडे बघत वाट पाहत होते की आता म्हणेल.

"हो," छाया म्हणाली. "चुकलं तुझं."

ताईंनी मान हलवली. त्यांच्या डोळ्यांच्या कडेनं पाणी उशीवर गेलं, ते मी पुसलं. वेदनेचं औषध सकाळीच वाढवलेलं होतं. हळूहळू ताईंचे डोळे मिटले, तोंड थोडं उघडं राहिलं, श्वास जड झाला आणि त्या झोपल्या. मला वाटलं, संपलं बोलणं. मी फोन बंद करायला हात पुढं केला.

"राहू द्या, सुजाताताई," छाया पलीकडून म्हणाली. "झोपू दे तिला. मी बसते."

मी फोन जरा पुढं सरकवून पुन्हा जगला टेकवला, ताईंचा चेहरा तिला नीट दिसेल असा. मग खिचडीचा डबा उचलला आणि दार हळूच ओढून घेतलं.